गिटारचे पडदे आणि पेटीच्या पट्ट्या

गिटारला सहा तारा असतात. बाराव्या पडद्यापर्यंत मोजलं तर बोट ठेवायच्या ७२ जागा होतात! एवढं पाठ करायचं म्हटलं की बरीच मुलं गिटार कोपऱ्यात ठेवून देतात. पण शाळेतली पेटी डोळ्यांसमोर आणा, काम सोपं होतं.

पेटीवर पांढरी १ ते पांढरी ७ अशा सात पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये पाच काळ्या. एकूण सूर १२. पांढरी ३ आणि ४ यांच्यामध्ये काळी पट्टी नाही. पांढरी ७ आणि पुढची पांढरी १ यांच्यामध्येही नाही. गिटारवर एक पडदा पुढे गेलं म्हणजे पेटीवर लगतच्या पट्टीवर गेलं, मग ती काळी असो वा पांढरी.

आता सर्वांत जाड तार मोकळी छेडा. हा सूर पांढरी ३. पुढे मोजत चला : पहिला पडदा पांढरी ४, दुसरा काळी ३, तिसरा पांढरी ५, चौथा काळी ४, पाचवा पांढरी ६. आणि पुढची मोकळी तारही पांढरी ६ चीच! जाड तारेपासून सहा तारा अशा : पांढरी ३, ६, २, ५, ७, ३. प्रत्येक तारेचा पाचवा पडदा म्हणजे पुढची मोकळी तार. फक्त पांढरी ५ च्या तारेवर हा सूर चौथ्या पडद्यावर मिळतो.

बाराव्या पडद्यावर तारेची लांबी बरोबर निम्मी होते, म्हणून तोच सूर वरच्या सप्तकात येतो. पट्टीने मोजून बघा. वाजणारी तार ६५ सेंमी असेल, तर बारावा पडदा ३२.५ सेंमीवर येईल.

आपल्या सांगली जिल्ह्यातल्या मिरजेत शिकलगार कारागीर पिढ्यान्‌पिढ्या सतारी बनवतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, रागाप्रमाणे ते सरकवता येतात. गिटारचे पडदे मात्र पक्के बसवलेले. त्यामुळे तारा नीट लावलेल्या असतील, तर एकदा समजलेली जागा कायमची आपली.

रोज एकच सूर घ्या, उदाहरणार्थ पांढरी १. तो सहाही तारांवर शोधा, तोंडाने म्हणा. बारा दिवसांत बारा सूर होतील. पाढ्यांसारखंच आहे हे : नुसतं घोकलेलं विसरतं, मोजून समजलेलं राहतं.