राखीचं पाकीट मशीनमध्ये गेलं तर? सेकंदाला दहा पत्रं वेगळी करणारं यंत्र कागद फाडत कसं नाही?

श्रावण सुरू झालाय. भंडारा जिल्ह्यातल्या कारध्यात राहणाऱ्या एका बहिणीला डोंबिवलीतल्या भावाला राखी पाठवायची आहे, असं समजा. वैनगंगेवरचा पूल ओलांडला की भंडारा. तिथल्या पोस्टात तिने पाकीट टाकलं. आत एक राखी, चिमूटभर कुंकू आणि चार ओळींची चिठ्ठी.

आता हे पाकीट नागपूरमार्गे मुंबईच्या दिशेने जाणार. वाटेत ते हजारो पत्रांच्या ढिगात पडणार, कुणीतरी किंवा एखादं यंत्र ते उचलून योग्य खणात टाकणार. राखी वेळेत पोहोचेलच, पण पाकीट फाटून राखी वाटेतच पडली तर? ही भीती अगदीच खोटी नाही. म्हणूनच टपाल वेगळं करणारी यंत्रं बनवताना वेगाइतकाच विचार कागद सांभाळण्याचाही करावा लागतो.

आधी हे समजून घ्या: पत्र कुठे जायचं हे कसं ठरतं?

उत्तर आहे पिन कोड. १५ ऑगस्ट १९७२ ला भारतात तो सुरू झाला आणि त्यामागे डोकं होतं एका मराठी माणसाचं. श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवीही. एकसारख्या नावांची गावं, वेगवेगळ्या भाषा-लिप्यांतले पत्ते आणि अर्धवट अक्षरं यातून सहा आकड्यांची ही वाट काढली गेली.

भंडाऱ्याचा पिन ४४१९०४ आणि डोंबिवली पूर्वचा ४२१२०१. दोन्हींचा पहिला आकडा ४, कारण महाराष्ट्र त्या विभागात येतो. फरक पडतो दुसऱ्या आकड्यापासून. ४४ म्हणजे विदर्भाकडचा भाग, तर ४२ मध्ये ठाणे, नाशिक, जळगावकडचा भाग. पहिले तीन आकडे मिळून सॉर्टिंगचा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन आकडे नेमकं पोस्ट ऑफिस सांगतात.

म्हणजे घाईत कुणी 'भंडारा'चं 'भंडारदरा' वाचलं, तरी पिन बरोबर असेल तर पत्र अहिल्यानगर जिल्ह्यात भटकणार नाही. यंत्राच्या दृष्टीनेही हे सोयीचं आहे, कारण संपूर्ण पत्ता वाचण्यापेक्षा सहा आकडे वाचणं सोपं.

भारतात अशी यंत्रं आली कधी?

पत्रं वेगळी करणारं संगणकीकृत यंत्र भारतात पहिल्यांदा १९९३ मध्ये मुंबईत बसलं. १९९६ मध्ये चेन्नईत, आणि पुढे दिल्ली-कोलकात्यातही स्वयंचलित केंद्रं उभी राहिली. बाकी बहुतेक ठिकाणी आजही कर्मचारी खणांच्या रॅकसमोर उभे राहून पत्ता वाचतात आणि पत्र योग्य खणात टाकतात. या कामात हात चुकू शकतो, पण हाताला एक गोष्ट आपोआप कळते: पाकिटात काहीतरी टणक आहे, जरा जपून.

यंत्राला हे आपोआप कळत नाही, त्याला ते शिकवावं लागतं.

पहिली चाळणी: जाड पाकिटं बाजूला

मोठ्या केंद्रांत पत्रांचा ढीग आधी फिरणाऱ्या पिंपात जातो. पिंपाला ठरावीक रुंदीच्या फटी असतात. सपाट, पातळ पत्रं त्यातून खाली सरकतात आणि फुगलेली पाकिटं आतच राहतात. त्यांचं सॉर्टिंग मग वेगळं, बहुतेकदा हाताने होतं. धान्य पाखडताना सुपात खडे मागे राहतात, तसंच काहीसं.

पत्र वाचवण्याचा हा पहिला टप्पा आहे, कारण चुकीचं पाकीट पुढच्या वेगवान पट्ट्यात शिरलं तर ते स्वतः फाटतंच, शिवाय मागून येणाऱ्या पत्रांनाही चुरगळतं.

दुसरा टप्पा: ढिगातून एकच पत्र उचलायचं

सगळ्यात नाजूक काम हे. नोटांच्या कोऱ्या बंडलातून एकच नोट काढताना आपण बोट ओलं करतो. यंत्र त्यासाठी हवा वापरतं. पत्रं कडेवर उभी असतात. समोर भोकं असलेला पट्टा फिरतो आणि त्या भोकांतून हवा आत खेचली जाते. सगळ्यात पुढचं पत्र पट्ट्याला चिकटून निघतं. त्याच वेळी दुसऱ्या बाजूने रबराचा अडसर किंवा उलट दिशेची हवा मागच्या पत्राला धरून ठेवते.

चिमटा नाही, हूक नाही. कागदाला टोक लागत नाही, म्हणून ओरखडाही पडत नाही. तरीही दोन पत्रं एकत्र निघालीच, तर प्रकाशाचे सेन्सर लांबी मोजतात. लांबी जास्त भरली की यंत्र ती जोडी बाजूला काढतं.

तिसरा टप्पा: पळवायचं, पण घासायचं नाही

आता थोडं गणित. यंत्राचा वेग ताशी ३६ हजार पत्रं धरला, तर सेकंदाला १० पत्रं होतात. पट्टा सेकंदाला ४ मीटर धावत असेल, तर एका पत्राच्या सुरुवातीपासून पुढच्याच्या सुरुवातीपर्यंत ४० सेंटिमीटर अंतर मिळतं. पाकीट २२ सेंटिमीटर लांब असेल तर मधे उरतात फक्त १८ सेंटिमीटर.

एवढ्या वेगात कागद का फाटत नाही? कारण तो दोन पट्ट्यांच्या मध्ये धरलेला असतो आणि दोन्ही पट्टे एकाच वेगाने धावतात. पट्टा आणि कागद एकमेकांवर घसरले, तर कागद घासून तापतो, फाटतो. दोघं बरोबर धावले तर कागदाच्या दृष्टीने तो जवळपास स्थिरच असतो. वळणावर मोठ्या व्यासाची चाकं लावतात, म्हणजे पत्र हळूहळू वाकतं, त्याला घडी पडत नाही.

वाटेत ठिकठिकाणी सेन्सर असतात. एका सेन्सरपासून दुसऱ्यापर्यंत पत्राने किती वेळात पोहोचायला हवं हे ठरलेलं असतं. तेवढ्यात ते आलं नाही, म्हणजे कुठेतरी अडकलं. यंत्र लगेच थांबतं. अर्धा सेकंद उशीर झाला तरी मागून आणखी पाच पत्रं त्याच जागी येऊन आदळतील.

याच धावपळीत कॅमेरा पाकिटाचा फोटो घेतो आणि संगणक पिन वाचतो. अक्षर लागलं नाही, तर तो फोटो पडद्यावर कर्मचाऱ्याला दिसतो आणि तो आकडे टाइप करतो. अनेक देशांत नंतर पाकिटावर बारकोड छापला जातो, म्हणजे पुढच्या केंद्रात पत्ता पुन्हा वाचावा लागत नाही.

शेवट: थांबवायचं कसं?

पळवण्याइतकंच थांबवणंही अवघड. छोटी झडप वळते आणि पत्र आपल्या खणाकडे जातं. तिथे ते थेट भिंतीवर आदळलं तर कोपरा दुमडेल. म्हणून खणात स्प्रिंगवर सरकणारी फळी असते. पत्रं वाढतात तशी ती मागे सरकते. दाब इतकाच, की पत्र उभं राहील पण चेपणार नाही.

मग पाकीट फाटतं कशामुळे?

बहुतेकदा आत काय आहे त्यामुळे. पाकिटात पेन, किल्ली किंवा नाणं असेल तर वळणावर कागद वाकतो, वस्तू वाकत नाही. आणि पाकीट अचानक थांबलं की आतली सुटी वस्तू पुढे जातच राहते, कड फोडून बाहेर येते. ब्रेक लागल्यावर बसमधले उभे प्रवासी पुढे जातात, तेच इथे.

राखीचंही तसंच. मोठे खडे असलेली किंवा घुंगरू लावलेली राखी पाकिटात एक टेंगूळ तयार करते. पट्टे मग पूर्ण पाकीट न धरता फक्त ते टेंगूळ धरतात, पाकीट तिरकं होतं आणि अडकतं. भंडाऱ्याकडच्या कोशाच्या धाग्याची साधी, सपाट राखी मात्र सहज निघून जाईल.

त्यात श्रावणातला पाऊस. ओला कागद सहज फाटतो आणि शाई पसरली तर पिनही जातो. म्हणूनच टपाल खातं राखीसाठी खास जलरोधक पाकिटं विकतं.

राखी पाठवताना एवढं करा

- राखी जाड कागदावर चिकटवून सपाट ठेवा, पाकिटात सुटी टाकू नका.
- स्टेपलर आणि पिना टाळा. झाकण पूर्ण चिकटवा, सुटलेलं टोक यंत्रात आधी अडकतं.
- कुंकू छोट्या पुडीत बंद करा.
- पत्ता पाण्याने न पसरणाऱ्या बॉलपेनने लिहा. सहाही आकडे सुटे आणि ठळक.
- खडे किंवा धातू असेल तर साध्या पाकिटाऐवजी छोटा डबा करून पार्सल पाठवा.
- पाकिटावर 'राखी' असं लिहा. सॉर्टिंग करणारी माणसं ते वाचतात.

यंत्र कितीही हळुवार बनवलं तरी ते एका गृहीतकावर चालतं, की पाकीट सपाट आहे आणि पिन वाचता येतो. या दोन गोष्टी मात्र पाठवणाऱ्याच्याच हातात आहेत. कारध्याच्या त्या बहिणीने पाच मिनिटं जास्त दिली, तर डोंबिवलीत भावाच्या हातात पाकीट जसं निघालं तसंच पडेल.