गाईच्या पोटातील किण्व

गोव्यात माडाची सूर आणि पीठ यांचे नाते जुने आहे. सान्ना सुरेने फुगतात आणि पावाची कणीकही एके काळी सुरेनेच आंबवली जात असे. हे काम करणारा सूक्ष्म जीव म्हणजे किण्व, अर्थात यीस्ट. त्याच जातीच्या काही निवडक वाणांच्या पुड्या आज दुभत्या गाईंसाठी पशुखाद्याच्या बाजारात मिळतात. पेडणे आणि डिचोली या तालुक्यांतील गोठ्यांत त्यांचा उपयोग कितपत आहे, हे समजण्यासाठी आधी गाईच्या पोटात डोकावले पाहिजे.

गाईच्या पोटाचे चार कप्पे असतात. त्यांतील सर्वांत मोठा कप्पा म्हणजे कोटीपोट. मोठ्या गाईच्या कोटीपोटात शंभर लिटरच्या आसपास ऐवज मावतो. खरे पाहता गवत गाय पचवीत नाही. ते पचवतात कोटीपोटातील असंख्य जिवाणू, आणि त्यांनी तयार केलेल्या आम्लांवर गाय पोसली जाते. रवंथ करताना सुटणारी लाळ क्षारयुक्त असते. तिच्यामुळे आम्लता आटोक्यात राहते.

डोंगरावर चरणाऱ्या गावठी गाईच्या बाबतीत हा मेळ आपोआप साधत असे. संकरित जर्सी किंवा होल्स्टीन गाईचे तसे नाही. तिच्या दुधाच्या मानाने गवत अपुरे पडते, म्हणून पेंड, कोंडा आणि भरडा यांचे प्रमाण वाढते. हे खाद्य लवकर आंबते, त्याला रवंथही कमी लागते. परिणामी आम्ल साचते. गवत पचवणारे जिवाणू दुबळे होतात, शेण पातळ होते, गाय कमी खाते आणि काही काळाने खुरेही दुखू लागतात. सर्वांत आधी मात्र दुधाला फॅट लागेनासे होते. गावच्या दूध संस्थेत भाव फॅट पाहून ठरतो. त्यामुळे पोटातील बिघाड थेट घरच्या मिळकतीवर येतो.

येथे जिवंत किण्व दोन प्रकारे मदत करते. घासाबरोबर थोडी हवा पोटात जाते आणि त्या हवेतील प्राणवायू कोटीपोटातील जिवाणूंना मारक ठरतो. किण्व तो शोषून घेते. शिवाय साचलेले दुग्धाम्ल खाऊन टाकणाऱ्या जिवाणूंना ते उत्तेजन देते. कोटीपोट मात्र किण्वाचे कायमचे घर नव्हे. ते तेथे तग धरून वाढत नाही, म्हणून रोज द्यावे लागते.

लाभ किती? 2009 साली फ्रान्समधील संशोधकांनी शंभराहून अधिक शोधनिबंध एकत्र तपासले. तेव्हा गाईच्या वजनाच्या दर किलोमागे दुधात दिवसाला सरासरी 1.2 ग्रॅम वाढ आढळली. म्हणजे 400 किलो वजनाच्या गाईमागे सुमारे अर्धा लिटर. ही सरासरी होय. भरपूर पेंड खाणाऱ्या, नुकत्याच व्यालेल्या किंवा उन्हाळ्याने धापा टाकणाऱ्या गाईला लाभ अधिक संभवतो. दोन-तीन लिटर दूध देणाऱ्या चरत्या गाईसाठी मात्र हा खर्च व्यर्थ होय.

वापरातही सावधगिरी हवी. किण्व हा जीव आहे, उष्णतेने तो मरतो. म्हणून चुलीवरून उतरलेल्या कढत आंबोणात पूड घालू नये. आंबोण कोमट झाल्यावरच ती मिसळावी. पावसाळ्याच्या दमट हवेत पुडी उघडी राहिली तर तीही निकामी होते. घट्ट झाकणाच्या डब्यात, थंड जागी ती ठेवावी. प्रमाण पुडीवर लिहिल्याप्रमाणे आणि पशुवैद्याच्या सल्ल्याने घ्यावे. सूर पाजणे हा याला पर्याय नव्हे, कारण तिच्यात मद्यार्क असतो. बिअरच्या कारखान्यातून येणारा धान्याचा चोथाही निराळा. तो चांगले खाद्य आहे. पण जिवंत किण्वाची जागा तो घेऊ शकत नाही.

पूड आणण्यापूर्वी आठवडाभर रोजचे दूध आणि फॅट वहीत टिपावे. नंतर खाद्य न बदलता तीन-चार आठवडे पूड देऊन पुन्हा टिपावे. वाढलेल्या दुधाची किंमत पुडीच्या खर्चाहून जास्त भरली तरच ती चालू ठेवावी. व्यायल्यानंतर पहिले काही आठवडे दूध आपोआपच चढते आणि पुढे ओसरत जाते. ती चढ-उतार पुडीच्या माथी मारू नये. शक्य असल्यास त्याच सुमारास व्यालेली दुसरी गाय पुडीविना ठेवून तुलना करावी.

अखेर किण्व हे चाऱ्याचे सोबती आहे, चाऱ्याऐवजी नव्हे. तिळारीच्या कालव्याचे पाणी या दोन्ही तालुक्यांना लाभले आहे. ते जेथे शेतापर्यंत पोहोचते, तेथे बांधालगत संकरित नेपियर गवताचे चार वाफे केले तर उन्हाळ्यातही हिरवी वैरण मिळू शकेल. वैरण आधी, पेंड दिवसातून तीन-चार वेळा थोडी थोडी आणि मग गरजेपुरते किण्व, हाच क्रम गाईच्या हिताचा आणि गोठ्याच्या हिशेबालाही मानवणारा आहे.