घराची राखण

मुलांनो, दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुट्टी लागली, की पुष्कळ घरांत एक दृश्य हटकून दिसते. सामान दाराबाहेर आलेले असते, रिक्षावाला घाई करीत असतो आणि घरातील वडीलधारे माणूस दाराला कुलूप लावून ते ओढून पाहत असते. चार पावले गेल्यावर ते पुन्हा मागे वळते, कुलूप आणखी एकदा ओढते आणि मग कोठे त्याचे समाधान होते. मूठभर वजनाच्या ह्या वस्तूवर आपण सारे घर सोपवून जातो. हा विश्वास कितपत योग्य आहे? कुलूप काय करते आणि काय करू शकत नाही, ते आज आपण पाहू.

पूर्वीच्या वाड्यांच्या दारांना आतून अडसर असे. अडसर म्हणजे दारामागे आडवा सरकवायचा जाड लाकडी वासा. तो दोन्ही बाजूंच्या भिंतींतील खोबणींत बसला, की बाहेरून कितीही धक्के दिले तरी दार हलत नसे. परंतु अडसर लावण्यास घरात कोणीतरी असावे लागते. वाड्यात माणसांचा राबता असे, म्हणून ते निभावून जाई. सारे घरच बाहेर पडायचे असेल, तर बाहेरून बंद होणारे व केवळ घरधन्यालाच उघडता येणारे साधन हवे. ही गरज कुलपाने भागवली.

ही युक्ती फार जुनी आहे. प्राचीन ईजिप्तमध्ये लाकडी कुलपे वापरीत. दाराच्या आडव्या दांड्यात वरून लहान खुंट्या पडत आणि दांडा अडकून राही. दाते असलेली लाकडी किल्ली घालून खुंट्या वर उचलल्या, म्हणजे दांडा मोकळा होई. त्याच तत्त्वावर अमेरिकेतील लायनस येल ह्या कारागिराने १८६१ साली धातूचे सुटसुटीत कुलूप तयार केले. आज आपल्या दारांना दिसणारी अनेक कुलपे त्याच जातीची आहेत. अशा कुलपाच्या पोटात एक फिरता दट्ट्या असतो. त्यावर ओळीने पाच-सहा बारीक भोके असतात. प्रत्येक भोकात पितळेच्या दोन खुंट्या एकीवर एक बसवलेल्या असतात आणि एक इवलीशी स्प्रिंग त्यांना वरून दाबून धरते. किल्ली नसते तेव्हा वरच्या खुंट्या अर्ध्या दट्ट्यात व अर्ध्या बाहेर अशा राहतात. त्यामुळे दट्ट्या फिरत नाही. योग्य किल्ली आत गेली, की तिचे उंचसखल दाते प्रत्येक जोडीला हवे तेवढेच उचलतात. मग खुंट्यांच्या जोडांची रेषा दट्ट्याच्या कडेशी जुळते आणि दट्ट्या फिरतो. एक खुंटी जरी किंचित वर वा खाली राहिली, तरी कुलूप उघडत नाही. आपल्या देशात अलीगढ हे शहर कुलपांच्या धंद्यासाठी प्रसिद्ध आहे. मुंबईत आर्देशिर गोदरेज ह्यांनी १८९७ साली कुलपे बनवण्यास आरंभ केला.

मग कधीच न फसणारे कुलूप कोणी बनवले आहे काय? ह्याविषयीची एक हकिकत मोठी बोधप्रद आहे. लंडनमध्ये ब्रामा ह्या नावाच्या पेढीने आपल्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप मांडले होते. किल्लीवाचून ते उघडणाऱ्यास २०० गिनींचे बक्षीस जाहीर केलेले होते. पन्नासहून अधिक वर्षे ते कोणालाही साधले नाही. १८५१ साली लंडनला भव्य जागतिक प्रदर्शन भरले. त्या निमित्ताने आलेल्या आल्फ्रेड हॉब्ज ह्या अमेरिकन कारागिराने ते आव्हान स्वीकारले आणि कुलूप उघडून दाखवले. पण त्याला वेळ किती लागला? १६ दिवसांच्या अवधीत सुमारे ५१ तास!

ह्या हकिकतीतून दोन गोष्टी कळतात. मुळीच न उघडणारे कुलूप जगात नाही, ही पहिली. दुसरी अधिक महत्त्वाची आहे. परक्याच्या दारात ५१ तास बसून राहणे कोणत्या चोराला परवडेल? कुलूप चोराला कायमचे अडवीत नाही. ते त्याचा वेळ खाते. ‘चोराच्या मनात चांदणे’ असे आपल्याकडे म्हणतात ते खरेच आहे. प्रत्येक क्षण गेला, की कोणीतरी पाहील ही भीती त्याच्या मनात वाढत जाते. ज्या घरात शिरायला वेळ लागेल, उजेडात उभे राहावे लागेल किंवा आवाज होईल, ते घर तो सहसा टाळतो.

वर्तमानपत्रातील घरफोडीच्या बातम्या वाचा. ‘कडी-कोयंडा तोडून’ हे शब्द त्यांत वारंवार आढळतात. कुलूप उत्तम असते, पण ते ज्या कोयंड्यात अडकवलेले असते तो दोन आखूड स्क्रूंवर लटकत असतो. म्हणून कोयंडा दाराच्या आरपार गेलेल्या बोल्टांनी पक्का करावा. चौकट आणि बिजागऱ्याही मजबूत असाव्यात. न्हाणीघराच्या झरोक्याला गज बसवावेत. किल्ली पायपुसण्याखाली किंवा तुळशीच्या कुंडीत ठेवू नये. ती जागा चोरालाही ठाऊक असते. गावाला जाताना वर्तमानपत्र बंद करावे, शेजाऱ्यांना सांगून जावे, आणि आपण बाहेरगावी आहोत हे मोबाइलवरून साऱ्या जगाला कळवत बसू नये. ही सारी तजवीज आधीच करावयाची असते. ‘बैल गेला आणि झोपा केला’ ह्याचा काही उपयोग नाही.

जी गोष्ट घराची, तीच दाराबाहेरच्या वाहनाची. ब्रिटनमध्ये १९९० च्या सुमारास मोटारींची चोरी अतिशय वाढली होती. पुष्कळदा ती चोरी करणारी पोरे तरुण असत. मोटार विकावी असा त्यांचा हेतू नसे. रात्री ती भरधाव हाकावी आणि कोठेतरी टाकून द्यावी, एवढीच हौस. त्या हौसेपायी काही जण स्वतः मृत्युमुखी पडले, काहींनी निरपराध पादचाऱ्यांचे प्राण घेतले. १९९८ च्या ऑक्टोबरपासून तेथे नव्या मोटारींत एक यंत्रणा सक्तीची झाली. किल्लीच्या मुठीत एक सूक्ष्म चिप असते. तिचा संकेत मोटारीने ओळखल्यावाचून इंजिन सुरूच होत नाही. पुढील वर्षांत तेथील मोटारचोऱ्या पुष्कळ घटल्या, आणि त्यात ह्या यंत्रणेचा मोठा वाटा होता. क्षणभराच्या मोहाला थोडीशी अडचणही पुरते. आपल्या सायकलीलाही हेच लागू आहे. तिचे केवळ चाक बंद करू नका. साखळी सांगाड्यातून ओवून खांबाला बांधा, म्हणजे ती कोणाला उचलून नेता येणार नाही.

आता ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, त्या चोराकडे वळू. चोर म्हटला, की तुमच्या डोळ्यांपुढे दांडगा, मिशाळ मनुष्य उभा राहत असेल. मी एका तालुक्याच्या गावी मुख्याध्यापक असताना आमच्या शाळेचे कार्यालय फुटले. संगणक आणि सहलीसाठी जमवलेले पैसे गेले. दाराचे कुलूप जागच्या जागी होते. मागच्या भिंतीतील झरोक्यातून एक मुलगा आत उतरला होता आणि त्याने आतून दुसरे दार उघडून दिले होते. बाहेर दोन मोठी माणसे उभी होती. तो मुलगा तेरा वर्षांचा, आमच्याच शाळेचा विद्यार्थी होता. म्हणून तर झरोका कोठे आहे हे त्याला ठाऊक होते.

मी हजेरीपट उघडून पाहिला. दोन महिने त्याच्या नावापुढे रोज ‘गैरहजर’ अशी नोंद बिनचूक झालेली होती. परंतु तो का येत नाही, हे विचारण्यास त्याच्या घरी कोणीही गेले नव्हते. मीही गेलो नव्हतो. त्या दोन माणसांनी मात्र त्याची रोज विचारपूस केली होती. त्याला चहा पाजला होता, मोटारसायकलवरून हिंडवले होते. शाळेच्या भिंतीतला झरोका मी दुसऱ्याच दिवशी बुजवला. पटावरची ती फट मला फार उशिरा दिसली.

अशा मुलांविषयी आपला कायदा काय सांगतो, हे तुम्हांला माहीत असावे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार अठरा वर्षांखालील मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. त्याला बाल न्याय मंडळापुढे नेतात. त्या मंडळात एक न्यायदंडाधिकारी व दोन समाजसेवक असतात आणि त्या दोघांत निदान एक स्त्री असते. त्याचे नाव किंवा छायाचित्र छापण्यास बंदी आहे. आणि जी मोठी माणसे मुलांना अशा कामास लावतात, त्यांना सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व पाच लाख रुपये दंड होऊ शकतो. ह्याचा अर्थ मुलाचा अपराध नाहीसा होतो असा नव्हे. कोणाच्या तरी घामाची वस्तू त्याने हिरावलेली असते, आणि त्याचा जाब त्याला द्यावाच लागतो. परंतु त्याची वाट तेथेच संपू नये, अशी कायद्याची इच्छा आहे.

आमचा तो विद्यार्थी काही दिवस निरीक्षणगृहात राहून जून महिन्यात शाळेत परत आला. पहिल्या दिवशी वर्गातील मुलांनी आपापली दप्तरे जवळ ओढून घेतली. तो दाराशीच उभा राहिला. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा काही न बोलता सरकला आणि त्याने बसण्यास जागा करून दिली. गेलेला संगणक आम्हांला मिळाला नाही. तो मुलगा मात्र मिळाला. पुढे तो दहावी उत्तीर्ण झाला.

तेव्हा मुलांनो, कुलूप चांगले लावा आणि कोयंडाही पक्का करा. शेजारच्या बंद घराकडे तुमचे लक्ष असू द्या. काही संशयास्पद दिसले, तर स्वतः पाठलाग न करता मोठ्यांना सांगा किंवा ११२ ह्या क्रमांकावर पोलिसांना कळवा. कोणी मोठा मनुष्य ‘हे घरी सांगू नकोस’ म्हणून काही काम सांगू लागला, तर ते त्याच दिवशी घरी सांगा. आणि तुमच्या वर्गातील एखादी जागा बरेच दिवस रिकामी दिसली, तर तिच्याकडेही पाहा. संध्याकाळी त्या सोबत्याच्या घरी जाऊन या. घराची राखण दारापाशी सुरू होते खरी. परंतु ती दारापाशी संपत नाही.