सहलीचा खर्च वाटणारं पान

फ्रंटएंड शिकणाऱ्याला मी पहिला प्रकल्प म्हणून सहलीच्या खर्चाचं पान सुचवतो. तिघे मित्र अलिबागला जाऊन आले. पेट्रोल एकाने भरलं, जेवणाचं बिल दुसऱ्याने दिलं. आता कुणी कुणाला किती द्यायचे? पानाने एवढंच सांगायचं. हिशेब ओळखीचा असल्यामुळे उत्तर चुकलं तर लगेच लक्षात येतं.

सुरुवात नुसत्या एचटीएमएलने करावी. नाव आणि रक्कम यांसाठी दोन इनपुट, प्रत्येकाला स्वतःचं लेबल आणि खाली एक बटन. डिव्ह या साध्या चौकटीला रंग देऊन ती बटनासारखी दाखवता येते, पण खऱ्या बटनापर्यंत टॅब की नेते, एंटर दाबला की ते चालतं आणि स्क्रीन रीडर अंध व्यक्तीला ते बटन असल्याचं सांगतो. डिव्हसाठी हे सगळं आपल्याला लिहावं लागतं. माउस बाजूला ठेवून फॉर्म भरून पाहावा. अडलं तर पुढे जाऊ नये.

मग पानाचं रूप ठरवणारं सीएसएस. ते आधी फोनच्या रुंदीसाठी लिहावं, मग मोठ्या स्क्रीनसाठी. मराठीत वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार येतात, म्हणून दोन ओळींतलं अंतर इंग्रजीपेक्षा थोडं जास्त ठेवावं. सीएसएसची ताकद पाहायची तर डेव्ह शे यांनी २००३ मध्ये सुरू केलेलं ‘सीएसएस झेन गार्डन’ पाहावं. एचटीएमएल तेच, फक्त सीएसएस बदललेलं, आणि प्रत्येक पान निराळं.

खरी कसोटी जावास्क्रिप्टमध्ये लागते. इनपुटमधून आलेली रक्कम संख्या नसते, मजकूर असतो. त्यामुळे १०० आणि ५० यांची बेरीज १००५० येते. संख्येत रूपांतर केलं की हे सुटतं, पण कुणी मराठी कीबोर्डवरून देवनागरी आकडे टाकले तर तेच रूपांतर फसतं आणि हाती ‘नॅन’, म्हणजे ‘ही संख्या नाही’, एवढंच येतं. आधी देवनागरी आकडे इंग्रजी आकड्यांत बदलून घ्यावे लागतात. पुढे पैशांचा प्रश्न येतो. जावास्क्रिप्टमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही, म्हणून रक्कम रुपयांत न ठेवता पैशांत, पूर्णांकात ठेवावी. १००० रुपये तिघांत वाटले की प्रत्येकी ३३,३३३ पैसे होतात आणि एक पैसा उरतो. तो कुणाच्या नावावर टाकायचा, हे तुम्हीच ठरवायचं.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो नोंदी ठेवण्याच्या पद्धतीला. नवशिका नोंद थेट पानावर लिहितो आणि बेरजेसाठी पानावरचेच आकडे पुन्हा वाचतो. एखादी नोंद पुसायची वेळ आली की हे कोलमडतं. त्याऐवजी सगळ्या नोंदी एका अ‍ॅरेमध्ये, म्हणजे कोडमधल्या यादीत, ठेवाव्यात. भर घालायची, पुसायची ती अ‍ॅरेतच, आणि दर बदलानंतर एकाच फंक्शनने यादी नव्याने काढायची. माहिती एका जागी आणि पान हे तिचं दर्शन, ही समज इथे येते. २०१३ मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या रिअ‍ॅक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीचा गाभाही हाच आहे. म्हणून रिअ‍ॅक्ट यानंतर उघडावं. ते कोणती मेहनत वाचवतं हे तोवर स्वतःच्या हाताला कळलेलं असतं.

अडलं की एमडीएन या संदर्भ-संकेतस्थळावर त्या एका गोष्टीचं पान वाचावं. क्रमाने शिकायचं असेल तर फ्री कोड कॅम्प आणि ओडिन प्रोजेक्ट दोन्ही मोफत आहेत. व्हिडिओ पाहताना सगळं समजल्यासारखं वाटतं, म्हणून तो बंद करून तेच कोऱ्या फाइलीत लिहून पाहावं. चूक शोधताना ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये ब्रेकपॉइंट, म्हणजे कोड थांबण्याची खूण, लावून एकेक ओळ पुढे सरकावं. अंदाजाने कोड बदलत बसण्यापेक्षा हे कितीतरी लवकर होतं.

शेवटी पान गिटहब पेजेस या सेवेवर मोफत चढवावं आणि खरोखर सहलीला निघालेल्यांना लिंक पाठवावी. कुणी रक्कम रिकामी ठेवेल, कुणी ‘४००/-’ लिहील, कुणी एकच नाव दोन तऱ्हांनी टाकेल. अशा प्रत्येक वेळी पानाने काय करायचं, हे लिहायला घेणं ही प्रकल्पाची दुसरी आवृत्ती.