घर आधी, परवानगी मागाहून

नगररचनेचा कायदा नागरिकाकडून एका साध्या क्रमाची अपेक्षा करतो. आधी अर्ज, मग परवानगी, मग पाया आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र. नवी मुंबईतील घणसोली गावात हा क्रम दोन पिढ्यांपासून उलटा चालत आला आहे. तेथे आधी घर उभे राहते, मागाहून नोटीस येते आणि त्यानंतर ते घर नियमित करण्याची मागणी सुरू होते. याचे खापर ग्रामस्थांच्या बेशिस्तीवर फोडणे सोपे आहे. परंतु परवानगी मागण्याची वाटच जेथे बांधली गेली नाही, तेथे परवानगीवाचून घरे उठली याचे नवल वाटण्याचे कारण नाही.

ठाणे खाडीच्या काठचे हे गाव मूळचे आगरी शेतकऱ्यांचे. मार्च १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली, १९७१ मध्ये ती नव्या शहराचे विकास प्राधिकरण झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांचा परिसर नव्या शहरासाठी राखला गेला. शेते संपादित झाली, गावठाणे तेवढी उरली. नव्या शहराचे चौकोनी विभाग कागदावर नेटके आखले गेले. पण ज्या गावांच्या भोवती ते आखायचे, त्या गावांची लोकसंख्या वाढेल, भाऊ विभक्त होतील, एका घराची तीन घरे होतील, हा हिशेब त्या आखणीत पुरेसा धरला गेला नाही. एरवी गाव वाढले की गावठाणाची हद्द वाढवून मागता येते. येथे हद्दीपलीकडची जमीन आधीच सिडकोची झालेली होती.

जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली मोठा लढा झाला. जानेवारी १९८४ मध्ये उरण परिसरात झालेल्या गोळीबारात पाच आंदोलकांचे प्राण गेले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व पुढे आले व १९९० मध्ये शासनाने ते योजनेच्या रूपाने स्वीकारले. सार्वजनिक सोयींसाठीची कपात वजा जाता प्रत्यक्ष हाती येणारा वाटा पावणेनऊ टक्क्यांचा. तोही मिळण्यासाठी कित्येक कुटुंबांना वर्षानुवर्षे खेटे घालावे लागले. मुलाचे लग्न भूखंडाच्या फायलीसाठी थांबत नाही. ज्या जमिनीवर आजोबांनी भात लावला, तिच्यावरच नातवाने खोल्या चढवल्या. ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ हा शब्दप्रयोग या परिस्थितीतून जन्मला आणि आज तो शासकीय कागदांतही रूढ झाला आहे.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ हा कायदा वाचला तर तो नागरिकाला प्रतिकूल दिसत नाही. ‘विकास’ या संज्ञेची त्यातील व्याख्या इंग्लंडच्या १९४७ च्या नगररचना कायद्याच्या वळणाची आहे. बांधकामाबरोबर जमिनीच्या वापरातील बदलही तीत येतो. कलम ४४ अन्वये अर्ज करावा. ६० दिवसांत प्राधिकरणाने निर्णय कळवला नाही, तर नियमांशी सुसंगत असलेल्या प्रस्तावाला परवानगी मिळाली असे कायदाच मानतो. नकार मिळाल्यास शासनाकडे अपील करण्याचीही सोय आहे. मात्र या सगळ्याचा लाभ ज्याला मालकी दाखवता येते त्यालाच होतो. घणसोलीकराची अडचण नेमकी तेथेच आहे. गावठाणाबाहेरच्या त्याच्या घराखालची जमीन दप्तरी सिडकोची. तिच्यावर तो अर्ज करणार कोणत्या अधिकाराने? गावठाणाच्या आत सातबारा नसतो, आणि जेथे नगर भूमापन होऊन मिळकत पत्रिका तयार झालेली नसते, तेथे वडिलोपार्जित घराचा पुरावा म्हणून घरपट्टीची पावतीच पुढे करावी लागते. घरपट्टी भरली म्हणून मालकी सिद्ध होत नाही, हे मात्र कर घेणारे कार्यालय त्याला सांगत नाही.

त्यात अधिकारांची विभागणी झाली. १ जानेवारी १९९२ पासून नवी मुंबई महानगरपालिका अस्तित्वात आली. पाणी, गटारे, कर पालिकेकडे. जमिनीची मालकी सिडकोकडे. आणि घणसोलीचा नवा वसलेला विभाग तर पालिकेकडे येण्यास त्यानंतरही बरीच वर्षे गेली. एका कार्यालयाने दुसऱ्याचा नाहरकत दाखला मागावा आणि दुसऱ्याने पहिल्याकडे बोट दाखवावे, अशा व्यवस्थेत प्रामाणिक अर्जदार थकतो. दांडगा मनुष्य अर्जच करीत नाही.

यावर आजवर सुचलेला उपाय एकच, तो म्हणजे मागाहून माफी. २०१० च्या निर्णयात गावठाणाभोवतीचे २०० मीटर अंतर धरले गेले, २०२२ च्या निर्णयात ते २५० मीटर झाले. पिढीजात रहिवाशांच्या घरांना असे संरक्षण मिळणे न्याय्यच आहे. परंतु प्रत्येक मुदतवाढ पुढच्या बांधकामाला अभय देते, आणि ‘गरज’ या शब्दाच्या आडोशाने ज्याला गावाशी देणेघेणे नाही असा विकासकही शिरतो. अरुंद गल्लीत तो बहुमजली इमारत उठवतो, खोल्या विकतो आणि निघून जातो. मागे राहतात ते भोगवटा प्रमाणपत्रावाचून राहणारे भाबडे खरेदीदार आणि अग्निशमन बंब आत न येणारी गल्ली. घणसोलीपासून जवळच असलेल्या दिघ्यात २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने ९९ अनधिकृत इमारतींवर कारवाईचा आदेश दिला, तेव्हा बेघर होण्याची पाळी त्या खरेदीदारांवरच आली.

मग गावठाणांना परवानगीच्या जाचातून सरसकट मुक्त करावे काय? दिल्लीने तो प्रयोग केला आहे. १९६३ मध्ये तेथील ‘लाल डोऱ्या’तील वस्तीला बांधकामाच्या उपविधींतून सूट देण्यात आली. परिणाम असा झाला, की भोवतालच्या आखीव वसाहतींच्या मधोमध ही गावे दाटीने गुदमरली. नियम नसणे हे गरिबाला वरदान वाटते. वस्तुतः त्याचा फायदा ज्याच्याकडे पैसा आहे तोच आधी उचलतो.

तेव्हा मार्ग मधला आहे. प्रथम गावठाण आणि त्याभोवतीच्या वस्तीची मोजणी पूर्ण करून घरागणिक मिळकत पत्रिका द्यावी. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ग्रामीण गावठाणांची ड्रोनने मोजणी होते. शहराच्या पोटात गेलेल्या गावांनी त्याहून कमी दर्जाचे दप्तर का सोसावे? दुसरे, लहान जागांसाठी वेगळे व सुलभ नियम असावेत: उंचीची मर्यादा ठाम, गल्लीची रुंदी अभंग, बाकी सवलत उदार. तिसरे, सिडको व पालिका यांच्यातला पत्रव्यवहार त्यांनी आपसांत करावा. अर्जदाराने एकाच खिडकीवर, घणसोलीतच, अर्ज द्यावा आणि ६० दिवसांत होकार किंवा कारणांसह नकार घ्यावा. एवढे झाल्यावर जो परवानगीवाचून मजले चढवील, त्याच्यावर हातोडा चालवताना पालिकेला कोणापुढे मान खाली घालावी लागणार नाही.

ज्यांच्या जमिनींवर हे शहर उभे राहिले, त्यांना त्याच शहरात अतिक्रमक म्हणवून घ्यावे लागते. नियमितीकरणाच्या आदेशाने त्यांचे जुने घर वाचेल. पुढच्या पिढीचे घर मात्र कायद्याच्या दारातून आत यायचे असेल, तर ते दार आधी उघडावे लागेल.