८४ दिवस रिकाम्या हातांनीं

अर्नेस्ट हेमिंग्वे या अमेरिकन ग्रंथकाराची १९५२ सालीं प्रसिद्ध झालेली एक लहानशी कादंबरी पु. ल. देशपांडे यांनीं ‘एका कोळियाने’ या नांवानें मराठींत आणली. तिचा नायक सान्तियागो हा क्यूबा बेटांतील वृद्ध कोळी. कथेस आरंभ होतो तेव्हां त्यास ८४ दिवस एकही मासा मिळालेला नाहीं. पहिले ४० दिवस एक मुलगा त्याच्या होडीवर होता. पुढें म्हातारा करंटा ठरला असें पाहून आईबापांनीं मुलास दुसऱ्या होडीवर धाडलें. त्यांना कोणी निष्ठुर म्हणूं नये. रिकाम्या होडीवर पोट भरत नाहीं.

अशा माणसाचा स्वभाव कडवट व्हावयाचा. सान्तियागोचा होत नाहीं. इतर कोळी थट्टा करतात, तो रागावत नाहीं. भांड्यांत भात व मासा आहे असें तो मुलास सांगतो; भातही नाहीं व मासाही नाहीं, हें दोघांसही ठाऊक असतें. तो दैव मानीत नाहीं असें मात्र नव्हे. ८५ हा आंकडा शुभ आहे, त्या आंकड्याचें लॉटरीचें तिकीट घ्यावें, असें तो मुलाशीं बोलतो! परंतु दैवाचें काम दैवाकडे व आपलें आपल्याकडे, अशी वांटणी त्यानें मनाशीं केलेली आहे. गल्फ स्ट्रीम प्रवाहांत तो आपल्या दोऱ्या ४०, ७५, १०० व १२५ वाव खोल सोडतो (एक वाव म्हणजे ६ फूट), आणि अगदीं सरळ राखतो. इतरांच्या दोऱ्या प्रवाहाबरोबर वाहतात. १०० वाव खोल असेल असें समजावें, तों ती ६० वरच असते. दैव उद्यां आलेंच, तर आमिष ठरल्या जागीं असावें, एवढें तो पाहतो.

तो कोणी साधुपुरुष नव्हे. डावा हात पेटका येऊन आंखडला म्हणजे त्यास तो दगाबाज ठरवितो. आणि आपण फार दूर गेलों, ही चूक शेवटीं स्वतःच कबूल करतो. ८५ व्या दिवशीं १८ फुटी मार्लिन गळास लागतो, तिसऱ्या दिवशीं मारला जातो, आणि परततांना शार्क मासे त्याचें मांस खाऊन टाकतात. किनाऱ्यास लागतो तो सांगाडा.

हेमिंग्वेनें १९३६ सालीं एका मासिकांत अशाच एका म्हाताऱ्याची हकीकत दिली होती. त्याचाही मार्लिन शार्कांनीं खाल्ला. अर्धाही उरला नव्हता, तरी उरलेल्याचें वजन ८०० पौंड भरलें. कोळ्यांनीं त्यास भर समुद्रांतून उचललें तेव्हां तो होडींत रडत होता, नुकसानीच्या दुःखानें अर्धवेडा झाला होता. दैव दोघांचें एकच. मधल्या १६ वर्षांनंतर लेखकानें बदलला तो स्वभाव. त्या पहिल्या म्हाताऱ्यास मी कमी लेखीत नाहीं. एकट्यानें दोन दिवस झुंजून सर्वस्व गमावल्यावर कोण रडणार नाहीं?

सान्तियागो मात्र रडत नाहीं. डोलकाठी खांद्यावर घेऊन तो आपल्या खोपटाकडे चढूं लागतो, वाटेंत पांच वेळां बसतो, आणि पोहोंचल्यावर झोपी जातो. सकाळीं मुलगा येतो. म्हाताऱ्याच्या हातांवरील जखमा पाहून त्यास रडूं कोसळतें; कॉफी आणावयास निघतो, तो सगळ्या वाटेनें रडतच जातो.