मांगलीचे ‘शिंपले’

नागपूरच्या दक्षिणेला, वर्धा खोऱ्यातल्या मांगलीच्या दगडांत काही मिलिमीटर आकाराच्या झडपांचे ठसे मिळतात. हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावानं आहे त्या स्टीफन हिस्लॉप यांनी ते गोळा केले आणि १८६२ मध्ये जीवाश्मांचे अभ्यासक रूपर्ट जोन्स यांनी त्यांना ‘एस्थेरिया मांगलिएन्सिस’ असं नाव दिलं. विदर्भातल्या एका गावाचं नाव विज्ञानात गेलं, हे तिथल्या प्रत्येक शाळेत सांगायला हवं.

पाहताक्षणी हे शिंपलेच वाटतात. पण दोन झडपांच्या आत शिंपल्यातला मऊ प्राणी नव्हता. तिथे पायांच्या अनेक जोड्या असलेला, झिंग्या-खेकड्यांच्या गोतातला क्रस्टेशियन होता. त्याला क्लॅम श्रिंप म्हणतात. झडपेवरची वलयं म्हणजे वर्षं, हाही गैरसमजच. क्रस्टेशियन कात टाकताना जुनं कवच सोडून देतात. क्लॅम श्रिंपची झडप मात्र सहसा सुटत नाही. प्रत्येक कातीनंतर तिच्याखाली थोडा मोठा थर येतो आणि कडेला एक रेघ वाढते. हे जीव जगतातच काही आठवडे, तेव्हा वलयांवरून वर्षं मोजता येत नाहीत.

‘शिंपले सापडले, म्हणजे इथे समुद्र होता’ हा निष्कर्षही इथे चुकतो. आजचे क्लॅम श्रिंप प्रामुख्यानं पावसाळी डबक्यांत राहतात. डबकं आटलं तरी त्यांची अंडी सुक्या मातीत तग धरतात आणि पाणी आलं की फुटतात. मांगलीच्याच दगडांत ब्रॅकिऑप्स या उभयचराची कवटी मिळाली, तीही गोड्या पाण्याचीच साक्ष देते.

क्रस्टेशियनांचा गट मांगलीच्या थरांहूनही खूप जुना आहे. स्वीडनमधल्या सुमारे ५० कोटी वर्षं जुन्या चुनखडीचे गोळे जीवाश्म-अभ्यासक क्लाउस म्युलर यांनी आम्लात विरघळवले, तेव्हा दोन मिलिमीटरहूनही लहान क्रस्टेशियन आणि त्यांचे नातलग पायांवरच्या केसांसकट हाती आले. म्हणजे आरंभीचे क्रस्टेशियन अजस्र खेकडे होते, ही कल्पना सोडून द्यावी. नामशेष झालेले ट्रायलोबाइटही क्रस्टेशियनांचे पूर्वज नव्हेत. ट्रायलोबाइटना स्पृशांची एकच जोडी होती, क्रस्टेशियनांना दोन असतात. ट्रायलोबाइट ही सांधेदार पायांच्या प्राण्यांची, म्हणजे संधिपादांची, वेगळी शाखा आहे. उलट कीटक मात्र क्रस्टेशियनांच्याच वंशवृक्षातून निघाले, हे जनुकांच्या अभ्यासातून स्पष्ट झालं आहे. झुरळ गोमेपेक्षा झिंग्याच्या जवळचं आहे.

विदर्भात असा दगड दिसला तर तो लगेच फोडून घरी नेऊ नका. आधी जागा आणि थर टिपून ठेवा, बाजूला नाणं ठेवून फोटो काढा आणि जवळच्या कॉलेजातल्या भूशास्त्र विभागाला कळवा.